पिकलेल्या आंब्यात उरलेला स्टार्च : देवगड तालुक्यातलं साक्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातली ही बाग कातळावरची आहे. जांभ्याच्या सड्यावर सुरुंग लावून खड्डे काढायचे, खालून माती आणून ते भरायचे आणि त्यात हापूसचं कलम लावायचं, अशा पद्धतीने आधीच्या पिढीने ती उभी केली. आज काका, त्यांचा मुलगा आणि सून असे तिघे ती बघतात. सून अकरावी-बारावीला माझ्याकडे जीवशास्त्र शिकलेली. म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि गाव मुद्दाम वगळलं आहे.

पूर्वी यांचा सगळा माल वाशीच्या बाजारात दलालाकडे जायचा. काही वर्षांपूर्वी सुनेने फोनवरून थेट पेट्या विकायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईतली घरं, तिथल्या सोसायट्या, ओळखीतून ओळखी. भाव चांगला मिळू लागला, शिवाय आंबा कोण खातंय हेही कळू लागलं. वाशीला गेलेल्या आंब्याबद्दल खाणाऱ्याचा शब्द बागेपर्यंत कधी पोचत नसे. आता कापलेल्या फोडीचा फोटो जेवण संपायच्या आत सुनेच्या फोनवर येतो. या प्रकरणाची सुरुवात अशाच फोटोंनी झाली.

अडचण

एप्रिलचा माल उत्तम गेला होता. मे महिन्याच्या मधल्या तोडणीच्या पेट्या गेल्या आणि तक्रारी येऊ लागल्या. सगळ्या एकाच धर्तीच्या होत्या. आंबा बाहेरून पूर्ण पिकलेला, रंग आलेला, वासही येतोय, पण कापला की बाठ्याभोवती पांढरट-फिकट, चिवट गर. चवीला आंबट, काही फळांत त्या गरात पोकळ्याही. प्रत्येक पेटीत थोडीच फळं अशी, पण कुठली ते कापल्याशिवाय कळणार नाही. बाकीची फळं नेहमीसारखी गोड.

काकांनी फोटो पाहताच सांगितलं, "आंबो भायरसून सोन्यासारो दिसता, पण आत साको." साका म्हणजे बाहेरून पिकलेल्या आंब्यात बाठ्याभोवतीचा गर न पिकता पांढरा राहणं. कोकणात हापूस लावणाऱ्या कोणालाही तो ओळखता येतो. प्रश्न गिऱ्हाइकांचा होता. एका सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की हा कार्बाइडने पिकवलेला आंबा आहे, वरून पिवळा आणि आतून कच्चा. दुसऱ्या एकाने लिहिलं की भाव मिळावा म्हणून कोवळा आंबा उतरवला आहे. दोन्ही आरोप बागेच्या प्रामाणिकपणावरचे होते आणि सुनेला तेच लागलं.

तिने मला विचारलं, "मॅडम, साका आहे हे आम्हाला माहीत आहे. पण तो कार्बाइड नाही आणि कोवळेपणा नाही हे दाखवता येईल का?"

पहिला निर्णय : आधी पैसे की आधी तपास

मुलाचं म्हणणं होतं की आधी खातरजमा करावी, सरसकट पैसे परत दिले तर चूक कबूल केल्यासारखं होईल. सुनेचं म्हणणं उलट होतं. खराब फळ गेलंय हे फोटोत दिसतंय, कारण काहीही असो, गिऱ्हाइकाने पैसे चांगल्या फळाचे दिले आहेत. तिचं चाललं. जितकी फळं खराब निघाली तितक्यांचे पैसे लगेच परत गेले आणि सोबत एक विनंती गेली: पुढचं फळ कापाल तेव्हा बाठ्यासकट उभं कापून दोन्ही अर्धांचा फोटो पाठवा.

ही विनंती पुढे फार उपयोगी पडली. पांढरा भाग कुठे आहे, सगळ्या गरात की फक्त बाठ्याजवळ, यावरूनच पुढचा निवाडा होणार होता. जवळपास सगळ्या फोटोंत सालीजवळचा गर केशरी होता आणि पांढरेपणा बाठ्याला चिकटून होता.

तपास : कोणता रेणू उरला आहे?

कार्बाइड, कोवळेपणा आणि साका ही तीन कारणं वेगळी असली तरी तक्रार एकच होती, फळ आतून पिकलं नाही. तेव्हा आंबा पिकतो म्हणजे आत काय होतं, तिथूनच सुरुवात करावी लागली.

झाडावर वाढणारा आंबा पानांकडून आलेली साखर स्टार्चच्या रूपात साठवतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी, सुरंगीच्या वळेसरासारखी एकाला एक लावलेली. शेकडो-हजारो ग्लुकोज सुटे ठेवले असते तर त्यांनी पेशीत पाणी ओढून घेतलं असतं. एका मोठ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या रेणूत बांधले की तोच साठा पेशीला त्रास न देता कणांच्या रूपात राहतो. या साठ्याचे दोन प्रकार असतात. अमायलोज ही सरळ साखळी, स्प्रिंगसारखी पीळ घेतलेली. अमायलोपेक्टिनला साधारण दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर फांदी फुटते. बहुतेक वनस्पतींच्या स्टार्चमध्ये अमायलोज २० ते ३० टक्के असतं, बाकी अमायलोपेक्टिन.

पिकताना ही साखळी तुटते. तोडण्याचं काम अमायलेज नावाची विकरं करतात. विकर हे प्रथिन असतं, म्हणजे तीही साखळीच, पण वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची आणि विशिष्ट आकारात घडी पडलेली. त्या घडीतल्या एका खाचेत स्टार्चचा बंध बरोबर बसतो आणि पाण्याचा एक रेणू घालून तो तोडला जातो. साखळीत गुंफलेल्या ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १६२, पाण्याचं १८, आणि सुटा झालेला ग्लुकोज १८०. तुटणाऱ्या प्रत्येक बंधामागे पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. पुढे यातूनच सुक्रोज तयार होतं आणि हापूसच्या गोडीत त्याचा वाटा सगळ्यात मोठा असतो.

आढीत ठेवलेल्या आंब्याला बाहेरून काहीही गोड मिळत नाही. तोडला त्या दिवशी आत जेवढा स्टार्च होता, त्यातूनच सगळी साखर व्हायची असते. बागायतदारांना हे अनुभवाने माहीत असतं, पण असं शब्दांत मांडलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

म्हणून प्रश्न असा ठरला: पांढऱ्या भागात स्टार्च उरलाय का, आणि उरला असेल तर तो सगळीकडे आहे की एकाच जागी?

आयोडीनची चाचणी आणि तिच्यातली एक अडचण

गिऱ्हाइकांकडची फळं परत येणं शक्य नव्हतं, पण त्याच तोडणीचा थोडा माल आढीत शिल्लक होता. तो आणून शाळेच्या प्रयोगशाळेत कापला. तुलनेसाठी एक कोवळी कैरी घेतली आणि आधीच्या तोडणीचा एक निर्दोष पिकलेला आंबाही. आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण प्रयोगशाळेत असतंच. अमायलोजच्या पिळात, जिथे प्रत्येक वेढ्याला सहा ग्लुकोज असतात, तिथे आयोडीन शिरतं आणि निळा-काळा रंग येतो. अमायलोपेक्टिनच्या फांद्या आखूड, म्हणून त्याचा रंग लालसर-जांभळट. अमायलोजचा रंग इतका गडद असतो की दोन्ही एकत्र असले तरी काळपटपणाच दिसतो.

इथे एक गोष्ट घडली आणि ती कळली नसती तर निष्कर्ष उलटा निघाला असता. कैरीवर पहिला थेंब टाकला तर त्याचा तपकिरी रंग क्षणभरात उडाला आणि निळेपणाही आला नाही. बघणाऱ्याला वाटावं की कैरीत स्टार्चच नाही. पण कैरीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि ते आयोडीनचं आयोडाइड करून टाकतं. आयोडाइडला रंग नाही आणि ते स्टार्चशी रंगही देत नाही. त्याच जागी आणखी थेंब टाकत गेलं की क जीवनसत्त्व संपतं, मग उरलेलं आयोडीन स्टार्चपर्यंत पोचतं आणि काप काळा पडतो. घरी कोणी जखमेवर लावायच्या आयोडीनने ही चाचणी करत असेल तर एका थेंबावर थांबू नये.

पुरेसं आयोडीन घातल्यावर चित्र स्पष्ट झालं. कैरीचा काप सालीपासून बाठ्यापर्यंत सगळा काळा. निर्दोष आंब्याचा गर पिवळा-तपकिरीच राहिला, म्हणजे स्टार्च जवळपास संपलेला. तक्रारीच्या तोडणीतल्या साका पडलेल्या फळात सालीकडचा केशरी गर बदलला नाही आणि बाठ्याभोवतीचा पांढरा पट्टा तेवढा काळा झाला. आंब्याच्या कोयीत स्टार्च असतोच, म्हणून कोय कापून तिच्यावरही थेंब टाकला. ती काळी झाली, द्रावण ठीक काम करतंय याची खात्री पटली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या गराच्या पेशींत निळे कण दिसत होते, केशरी गरात ते नव्हते.

सुनेच्या मुलाने, तो अकरावीत आहे, बेनेडिक्टची चाचणीही करून पाहू म्हटलं. ती केली, पण तिच्यातून काही हाती लागलं नाही. बेनेडिक्ट ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या शर्करांना रंग देतो आणि त्या थोड्याफार दोन्ही भागांत असतात. ज्या सुक्रोजमुळे पिकलेला हापूस गोड लागतो, त्याला बेनेडिक्ट ओळखतच नाही. दोन्ही परीक्षानळ्यांत विटकरी रंग आला. मग आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या ओळखीच्या एका कॅनिंगवाल्याकडून रिफ्रॅक्टोमीटर आणला. रसात विरघळलेली साखर किती, हे तो ब्रिक्स या मापात दाखवतो. पिकलेल्या हापूसच्या रसाचा ब्रिक्स साधारण १८ ते २० असतो. केशरी गर त्या आसपास होता, पांढरा गर बराच खाली. पीएचच्या कागदावर पांढरा भाग जास्त आम्लधर्मी दिसला.

याचा अर्थ काय लावला

कोवळा उतरवलेला आंबा असता तर स्टार्च सगळ्या गरात विखुरलेला असता, बाठ्याला चिकटलेला एकच पट्टा नसता. घाईने रंग आणलेल्या फळाचंही तसंच. कार्बाइड ओलाव्याशी मिळून ॲसिटिलीन वायू सोडतो, तो फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूसारखा वागतो आणि साल पिवळी पडते, पण आतला गर मागे राहतो, तोही सगळीकडे. अर्थात, आयोडीन कार्बाइड दाखवत नाही, हे सुनेला मी ठासून सांगितलं. "आमच्या आंब्याला कार्बाइड लावलेलं नाही हे चाचणीने सिद्ध झालं" असं तिने लिहू नये. चाचणीने एवढंच दाखवलं की फळाचा बाहेरचा भाग व्यवस्थित पिकला आणि एका मर्यादित भागातली पिकण्याची क्रिया थांबली. साक्यात नेमकं हेच होतं, आणि कार्बाइडच्या आरोपाशी ते जुळत नाही.

ती क्रिया का थांबते, याबद्दल अभ्यासकांची दोन प्रमुख मतं आहेत. जुनं मत उष्णतेचं. तापलेल्या जमिनीतून वर येणारी हवा आणि तोडणीनंतर उन्हात राहिलेलं फळ यांमुळे आतला गर तापतो आणि विकरांचं काम बिघडतं. साक्याच्या गरात अमायलेजची क्रिया कमी आणि आम्लता जास्त आढळते, हे बऱ्याच अभ्यासांत आलं आहे. प्रथिनाची घडी टिकते ती मुख्यतः दुबळ्या बंधांवर, त्यामुळे तापमान किंवा आम्लता बदलली की विकर साखळी शाबूत असूनही निकामी होऊ शकतं. दुसरं मत बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी मांडलं, ते कोयीकडे बोट दाखवतं. आंब्याची कोय वाळवून साठवता येत नाही, ती ओलीच लावावी लागते. अशी कोय पूर्ण तयार झालेल्या फळात, झाडावर असतानाच, रुजण्याच्या तयारीला लागते आणि सभोवतालच्या गरावर तिचा परिणाम होतो, असं हे मत. आम्ही कापलेल्या काही कोयींत कोंबाच्या टोकाला फुगवटा होता, काहींत काहीच नव्हता. एवढ्यावरून कौल देता येत नाही. मला स्वतःला वाटतं की दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून असाव्यात, कारण मे महिन्यात फळ जास्त तयार असतं आणि कातळही सगळ्यात तापलेला असतो.

बागेच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की दोन्ही मतांतून एकच गोष्ट निघते. बिघाड फळ घरात येण्याआधी होऊन गेलेला असतो, किंवा निदान सुरू झालेला असतो. स्टार्च तोडणारी यंत्रणाच त्या भागात थंडावली की तो स्टार्च पुढे साखर होत नाही. आढीत कितीही दिवस ठेवा.

तपासलेले पर्याय

घरात चर्चा झाली तेव्हा काकांच्या मुलाचा पहिला विचार हाच होता: आंबा आढीत दोन-चार दिवस जास्त ठेवू. वरच्या कारणाने तो मागे पडला. चांगला गर जास्त पिकून उतरला असता आणि पांढरा तसाच राहिला असता.

दुसरा विचार इथिलीनच्या रायपनिंग चेंबरचा, म्हणजे बंद खोलीत इथिलीन सोडून फळ पिकवण्याचा. हे कायदेशीर आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार कार्बाइडला बंदी आहे, तर इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) चालतो. इथिलीन हे फळाचं स्वतःचंच संप्रेरक. ते पेशीला मिळालं की डीएनएमधली ठरावीक जनुकं वाचली जातात, त्यांच्यावरून आरएनए आणि त्यावरून विकरांची प्रथिनं तयार होतात, आणि पिकण्याला वेग येतो. सगळा माल एकसारखा पिकवायचा असेल तर चेंबर चांगलं. साक्यावर ते औषध नाही, त्यासाठी खर्च करू नये असं ठरलं.

जात बदलण्याचा पर्याय मी मांडला, कारण तो प्रामाणिकपणे विचारात घ्यायलाच हवा होता. बागेतली सगळी हापूस कलमं एकमेकांच्या प्रती आहेत, सगळ्यांचा डीएनए तोच. साका पडण्याची प्रवृत्ती त्या वाणातच आहे. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' दिला, त्यात साका पडत नाही. पण काकांचा मुद्दा बिनतोड होता. गिऱ्हाईक हापूस म्हणून फोन करतं. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही हापूसच्या नावाला. शिवाय उभी कलमं काढून नवी धरेपर्यंत वर्षं जातात. बागेच्या कडेला थोडी रत्नाची कलमं लावायची, एवढंच ठरलं.

साक्याचं फळ आधीच वेगळं काढता येईल का? क्ष-किरणांनी आतला साका दिसतो, हे प्रयोगांत दाखवलं गेलंय, पण एका घरगुती बागेला ते परवडणारं नाही. पाण्यात टाकून घनतेवरून कोवळं आणि तयार फळ वेगळं करता येतं, त्याचा तयारी ठरवायला उपयोग होतो. साका नेमका कुठल्या फळात आहे हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

मग तोडणीची वेळ. साका कमी करण्याचा सगळ्यात जुना आणि पटलेला उपाय म्हणजे आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवणं, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वतेला. देठाजवळ खड्डा पडतो, खांदे वर येतात, सालीचा गर्द हिरवा रंग फिका होतो, ती वेळ. या टप्प्याला फळात पुरेसा स्टार्च साठलेला असतो आणि तो तोडायची क्षमताही असते. कोय मात्र अजून शेवटच्या टप्प्याला पोचलेली नसते. यात एक ओढाताण आहे, ती काकांना नको होती. त्याहून लवकर उतरवला तर स्टार्च अपुरा, गोडी कमी, आणि कोवळा आंबा दिल्याचा आरोप मग खरा ठरेल. झाडावर जास्त ठेवला तर चव भरते, पण साक्याची शक्यता वाढते.

शेवटचा पर्याय मे महिन्याच्या उत्तरार्धातल्या मालाचा. तो पेट्यांऐवजी कॅनिंगला द्यायचा. तिथे प्रत्येक फळ कापलं जातं, पांढरा भाग काढून टाकता येतो. भाव किलोवर मिळतो, पेटीपेक्षा बराच कमी, पण तक्रार उरत नाही.

काय केलं

त्या हंगामातला उरलेला माल कॅनिंगला गेला. हा निर्णय सुनेने घेतला आणि काकांना तो जड गेला, कारण त्यातली बहुसंख्य फळं उत्तम होती. सोसायटीच्या ग्रुपवर तिने तीन कापांचा फोटो टाकला: कैरी, निर्दोष आंबा, साका पडलेला आंबा, तिन्हींवर आयोडीन. खाली चार ओळी, साका म्हणजे काय आणि आम्ही पैसे का परत दिले. कार्बाइडबद्दल एवढंच लिहिलं की आम्ही वापरत नाही, आमची आढी पाहायला या. त्या सोसायटीतली काही घरं पुढच्या वर्षी परत आली, काही आली नाहीत.

पुढच्या हंगामासाठी तीन गोष्टी ठरल्या. मार्चमध्येच झाडांच्या आळ्यांत वाळलेलं गवत आणि पालापाचोळा जाड पसरायचा, म्हणजे कातळाची धग फळांपर्यंत कमी येईल. तोडणी सकाळी ऊन चढायच्या आत झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) देठासकट करायची, आणि उतरवलेला आंबा क्षणभरही कातळावर ठेवायचा नाही, थेट सावलीत न्यायचा. आणि प्रत्येक तोडणीतले काही आंबे विकण्याआधी पिकवून कापून पाहायचे. ज्या तोडणीत साका दिसेल त्या तोडणीच्या पेट्या करायच्या नाहीत.

आच्छादनाला मजुरी लागते आणि वणव्याची भीतीही असते, म्हणून पहिल्या वर्षी ते बागेच्या कातळाकडच्या अर्ध्या भागातच झालं. तोडणीची वेळ मात्र सगळ्या बागेत पाळली.

परिणाम

तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. एप्रिलच्या तोडण्यांत साका जवळपास दिसला नाही, पण तो आधीच्या वर्षीही फारसा नव्हता. मे महिन्यात घरी कापून पाहिलेल्या नमुन्यांत तो दिसला, आधीच्यापेक्षा कमी आणि पट्टाही अरुंद. एका तोडणीत जास्त दिसला म्हणून ती पूर्ण कॅनिंगला वळवली. ती तोडणी सड्याच्या पश्चिम कडेच्या, दुपारभर ऊन खाणाऱ्या झाडांची होती.

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा झाला तो कापून पाहण्याचा. साका त्याने कमी होत नाही, पण साका पडलेलं फळ गिऱ्हाइकाच्या ताटात जाणं बरंच टळतं. घरी चार-सहा आंबे जास्त कापले जातात, एवढीच त्याची किंमत.

आणखी एक बदल मला फार मोलाचा वाटतो. सून आता पेटीत एक चिठ्ठी घालते. हापूसमध्ये क्वचित साका निघतो, तो विषारी नाही, पांढरा भाग काढून बाकीचा आंबा खाता येतो, आणि असं फळ निघालं तर फोटो पाठवा, पैसे परत मिळतील. मेच्या मध्यानंतरच्या पेट्यांवर ती हे फोनवरही सांगते.

वेगळं काय करता आलं असतं

कातळाकडच्या अर्ध्या भागात आच्छादन झालं आणि त्याच वर्षी तोडणीची वेळही बदलली. त्यामुळे साका कमी झाला तो कशाने, हे या बागेच्या अनुभवावरून सांगता येत नाही. त्यात ज्या अर्ध्या भागात आच्छादन नव्हतं, तो भाग मुळातच सावलीचा. तुलना करायची होती तर कातळावरच्याच शेजारशेजारच्या झाडांत, एकाआड एक असं आच्छादन करायला हवं होतं. मजुरी तेवढीच लागली असती.

तापमान कोणीच मोजलं नाही. उष्णतेवर एवढी चर्चा झाली, पण आच्छादनाखालच्या आणि उघड्या कातळाच्या तापमानात दुपारी किती फरक पडतो, हे साध्या तापमापकाने कळलं असतं. फळाच्या गरातही बारीक तापमापक खुपसून पाहता येतं, तोडलेली काही फळं त्यासाठी खर्च करावी लागतील.

नोंदी झाल्या, पण झाडवार झाल्या नाहीत. कुठल्या तोडणीत साका किती एवढं लिहिलं गेलं. कुठल्या झाडाचा, झाडाच्या कुठल्या बाजूचा, जमिनीपासून किती उंचीवरचा, हे राहिलं. खालच्या फांद्यांना जमिनीची धग जास्त लागते, हे मत तपासायची संधी त्यामुळे गेली. सगळ्या फळांवर चिठ्ठ्या लावणं शक्य नाही, पण पाच-सहा झाडं निवडून खालची आणि वरची फळं वेगळ्या क्रेटमध्ये काढणं तोडणीच्या दिवशी फार अवघड जात नाही.

गिऱ्हाइकांशी बोलणं तक्रारीनंतर सुरू झालं. चिठ्ठी पहिल्या पेटीपासून असती तर कार्बाइडचा शब्द निघाला असता का, हा प्रश्न सुनेने स्वतःच काढला. मला वाटतं थोड्यांनी तरी काढलाच असता, कारण बाजारात कार्बाइडचे प्रकार होतात आणि लोकांची शंका निराधार नाही. पण आधी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास जास्त बसतो.

येत्या हंगामासाठी कातळावरची दोन ओळी झाडं ठरली आहेत. एकाआड एक झाडाला आच्छादन, तोडणी एकाच दिवशी चौदा आण्यांवर, खालची आणि वरची फळं वेगळी, आणि प्रत्येक गटातले ठरावीक आंबे पिकवून, उभे कापून, आयोडीन लावून फोटोसकट नोंद. आयोडीनचे थेंब काप पूर्ण भिजेपर्यंत टाकायचे, हे अकरावीतल्या मुलाने वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.